लाइट चालू, स्क्रीन काळी

बंद पडलेला मॉनिटर आणि बंद पडणारा मॉनिटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याशी भांडण नसतं. तो गेला, विषय संपला. दुसरा माणसाला नादी लावतो. काम ऐन रंगात आलेलं असतं आणि अचानक समोर अंधार. बटण दाबून बंद-चालू केलं की परत येतो, जणू काही झालंच नव्हतं. दुरुस्तीवाल्याकडे नेला की तिथे तासभर गुणी बाळासारखा बसतो. दुरुस्तीवाला आपल्याकडे बघतो, आपण मॉनिटरकडे बघतो, आणि तो शांतपणे चालू असतो.

असा बिघाड आपण बघत असताना बहुतेक वेळा घडत नाही. म्हणून माणसं अंदाज बांधतात. माझ्या वडिलांनीही बांधले होते. वाईला तहसील कचेरीजवळ अप्पांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. तिथला मॉनिटर एकोणीस इंची, २०१० साली घेतलेला. गेल्या हिवाळ्यात तो मधूनच काळा पडायला लागला. अप्पांचं म्हणणं, रस्त्यावरून डंपर गेला की स्क्रीन जाते. आभाळ भरून आलं की जाते. एक ठरावीक गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत बसलं की जाते, हे तर त्यांनी शपथेवर सांगितलं.

गिऱ्हाइकाच्या गोष्टीवर आई हसली. मी हसले नाही, कारण खुर्चीमुळे मॉनिटर बंद पडू शकतो हे मी वाचलेलं होतं. वर-खाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीत गॅसचा दांडा असतो. माणूस बसताना-उठताना त्यातून कधीकधी विद्युतचुंबकीय झटका निघतो, तो शेजारची व्हिडिओ केबल पकडते आणि क्षणभर चित्र जातं. डिस्प्लेलिंक नावाच्या कंपनीने आपल्या मदतीच्या पानावर हे रीतसर लिहून ठेवलंय. अप्पांच्या दुकानातली खुर्ची प्लास्टिकची आहे, म्हणून ती शक्यता बाद. पण ती खुर्ची प्लास्टिकची आहे म्हणून बाद झाली, म्हातारा माणूस काहीतरी बोलतोय म्हणून नाही. या कामात हा फरक सांभाळावा लागतो.

मी पुण्यात, मॉनिटर वाईत. त्यामुळे पहिला तपास फोनवरच सुरू झाला.

मॉनिटरच्या खालच्या कडेला एक बारका दिवा असतो. तिकडे कोणी बघत नाही, पण अर्धं निदान तिथेच होतं. स्क्रीन गेली आणि तो दिवाही विझला, तर वीजच पोचत नाही. प्लग, वायर, सॉकेट, नाहीतर आतला पॉवर सप्लाय. दिवा पिवळा झाला किंवा लुकलुकायला लागला, तर मॉनिटर धडधाकट आहे. त्याला संगणकाकडून सिग्नल येत नाही म्हणून तो झोपलाय. ही झोप मुद्दाम शिकवलेली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ साली वीजबचतीची एनर्जी स्टार योजना आणली, तिची पहिली लेबलं संगणक आणि मॉनिटरलाच लागली. १९९३ मध्ये व्हेसा या संस्थेने मॉनिटरला झोपायला कसं सांगायचं याचं प्रमाण ठरवलं. संगणक सिग्नल थांबवतो, मॉनिटर समजून घेतो. तेव्हा दिवा पिवळा असेल तर मॉनिटर खोलायचा नाही. केबल बघायची आणि संगणकाच्या पॉवर सेटिंगमध्ये शिरायचं.

तिसरी शक्यता म्हणजे दिवा जसाच्या तसा, आणि स्क्रीन काळी.

"अप्पा, स्क्रीन जाते तेव्हा खालचा दिवा कुठल्या रंगाचा असतो?"

"हिरवा."

"नक्की? पिवळा नाही ना?"

"अगं, सेहेचाळीस वर्षं लोकांच्या अर्जातल्या वेलांट्या बघतोय. मला हिरवा-पिवळा कळत नाही?"

मग त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी स्क्रीन गेली की बटण दाबू नका. मोबाइलची बॅटरी लावा आणि काचेवर तिरका उजेड टाकून बघा. तासाभराने फोन आला. "आहे गं! सगळं आहे. अर्ज आहे, माउसचा बाण हलतोय. नुसता अंधार पडलाय."

एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. तो खिडकीच्या जाळीसारखा असतो. मागून उजेड येतो, पडद्यातले द्रवस्फटिक तो कुठे अडवतात, कुठे सोडतात, आणि त्यातून चित्र दिसतं. आताच्या मॉनिटरमध्ये मागचा उजेड एलईडीचा असतो. २०१०च्या या मॉनिटरमध्ये काडीसारख्या बारीक नळ्या आहेत, घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या धाकट्या बहिणी. त्यांना पेटायला शेकडो व्होल्ट लागतात, आणि ते तयार करणारं एक सर्किट आत असतं, त्याला इन्व्हर्टर म्हणतात. घरी दिवे गेल्यावर लावतो तो इन्व्हर्टर वेगळा. हे सर्किट नळ्यांतल्या प्रवाहावर लक्ष ठेवून असतं. काही वेडंवाकडं दिसलं की लगेच नळ्या बंद करतं, कारण एवढ्या व्होल्टेजवर ठिणगी पडायला वेळ लागत नाही. म्हणजे स्क्रीन काळी पडते तेव्हा मॉनिटर स्वतःला वाचवत असतो. बटणाने बंद-चालू केलं की ते पाळतीचं सर्किट पहिल्यापासून सुरू होतं, आणि उजेड परत येतो.

आता त्याला वेडंवाकडं काय दिसत होतं, एवढंच शोधायचं राहिलं.

अप्पांनी एक गोष्ट मला न विचारताच शोधून काढली होती. ब्राइटनेस कमी ठेवला की मॉनिटर जास्त वेळ टिकतो. म्हणून त्यांनी तो शंभरावरून वीसवर आणून ठेवला होता. तपासाच्या दृष्टीने हा मोठा पुरावा होता. उजेड कमी म्हणजे नळ्यांना प्रवाह कमी, म्हणजे पॉवर सप्लायवर ओझं कमी. ओझं कमी केल्यावर जे टिकतं, ते ओझ्यानेच वाकत असणार.

दुकानाच्या दृष्टीने मात्र हा उपाय महागात पडत होता. अप्पांच्या धंद्यात शेवटची तपासणी गिऱ्हाईक करतं. मजकूर टाइप झाला की अप्पा मॉनिटर वळवतात आणि म्हणतात, नाव वाचून घ्या, गट नंबर वाचून घ्या. वीस ब्राइटनेसवर, समोर रस्त्याचं ऊन, त्यात वाचणारा साठीचा. लोक मान हलवून "बरोबर आहे" म्हणायचे आणि चूक कागदावर निघाल्यावर सापडायची. कागद साधा असेल तर दोन रुपयांचं नुकसान. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात अनेक दस्तांसाठीचा किमान मुद्रांक शंभर रुपयांवरून पाचशेवर गेला. स्टॅम्पवर छापलेल्या करारात सासऱ्याचं नाव चुकलं की पाचशे रुपये गेले. कोणाचे गेले यावर दुकानात वाद, आणि अप्पा वाद घालणारे नाहीत, म्हणजे गेले ते त्यांचेच. त्या हिवाळ्यात असे तीन स्टॅम्प गेले होते. ते आम्हाला आईकडून कळलं.

"मी नवा मॉनिटर पाठवते," मी म्हणाले. सहा हजारांच्या आसपास येतो.

"नको."

"का?"

"त्याची वॉरंटी तीन वर्षांची. मी तेवढं लिहून देऊ का?"

अप्पा सदुसष्ट वर्षांचे आहेत. १९७८ साली एका वकिलाच्या ओसरीवर टाइपरायटर घेऊन बसले, तिथपासून आजपर्यंत हेच. आता सातबारा फोनवर निघतो, अर्ज फोनवर भरले जातात, आणि जे भरता येत नाहीत ते लोक नातवाकडून भरून घेतात. त्यांनी पुण्याला आमच्याकडे यावं असं मला गेली दोन वर्षं वाटतंय आणि मी ते बोलूनही दाखवलंय. मॉनिटर गेला की दुकान जाईल, असं आमच्यात कोणी म्हटलं नव्हतं. पण तिघांनाही ते माहीत होतं. मॉनिटर दुरुस्त व्हावा असं मला मनापासून वाटत होतं का, याचं उत्तर फोनवर बोलताना एक असायचं आणि रात्री वेगळं.

तरी तपास मी सोडला नाही. एक वही करा, असं अप्पांना सांगितलं. स्क्रीन किती वाजता गेली ते लिहायचं आणि तेव्हा काय चाललं होतं तेही लिहायचं. मधे काही बदललं, केबल किंवा सॉकेट, तर तेही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मॉनिटर सुधारला, तर कोणाला शाबासकी द्यायची ते कळत नाही.

टायपिस्टला नोंद ठेवायला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात ढकलणं. जुन्या बँकेच्या डायरीत अप्पांनी स्केलने रेघा मारून रकाने आखले. दहा दिवसांनी मी शनिवारी वाईला गेले तेव्हा डायरीत एकतीस नोंदी होत्या. सोमवार: ९.१०, ९.१२, ९.१३, ९.२५, ९.५०, मग दिवसभर काही नाही. मंगळवारी तसंच. बुधवारी केबल बदलली, फरक नाही. शुक्रवारी सॉकेट बदललं, फरक नाही. गुरुवारी अकरा ते एक वीज नव्हती. दिवे आल्यावर १.०५, १.०७, १.२०, आणि मग शांत. डंपर दिवसभर जातात. ते ठरावीक गिऱ्हाईक कायम सकाळी नऊला येतं, हेही डायरीतूनच कळलं. अप्पांनी बघितलेलं खोटं नव्हतं. माणूस आणि बिघाड एकाच वेळी दुकानात येत होते.

गरम होऊन बंद पडणारं यंत्र उलटं वागतं. ते सकाळी नीट चालतं आणि तापल्यावर जातं. हा मॉनिटर थंड असताना जात होता आणि तापल्यावर सुधारत होता. थंडीत जुन्या नळ्याही कुरकुरतात, पण मग पेटताना लालसर झाक दिसते आणि पडद्याच्या कडा काळवंडतात. इथे पांढरा रंग पांढराच होता. उरला तो कपॅसिटर.

पॉवर सप्लायमध्ये बोटाच्या पेराएवढे दंडगोल उभे असतात. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी, मध्ये द्रावणात भिजलेला कागद. त्यांचं काम पाण्याच्या टाकीसारखं. वीज हिसक्या-हिसक्यांनी येते, ते ती साठवून सलग पुरवतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने द्रावण आटत जातं, विजेच्या वाटेतला अडथळा वाढतो आणि पुरवठा पुन्हा हिसके द्यायला लागतो. द्रावण गरम झालं की तो अडथळा थोडा कमी होतो. म्हणून तापल्यावर मॉनिटर बरा, आणि वाईच्या जानेवारीतल्या सकाळी हैराण.

कपॅसिटरवर आयुष्य छापलेलं नसतं, पण त्याच्या माहितीपत्रकात असतं. उदाहरणार्थ, १०५ अंश सेल्सियसला २००० तास. आकडा भीतीदायक वाटतो. पण ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. मॉनिटरच्या आत ६५ अंश धरले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस दुकान उघडं धरलं तर दहा-साडेदहा वर्षं. या मॉनिटरने चौदा काढली होती. त्याच्या आधीच्या पिढीतले कितीतरी मॉनिटर आणि मदरबोर्ड दोन-तीन वर्षांतच गेले, कारण १९९० च्या दशकाअखेरीपासून काही वर्षं सदोष कपॅसिटर जगभर विकले गेले. द्रावणाचं सूत्र चोरलं गेलं आणि चोरताना अर्धंच हाती लागलं, अशी कहाणी त्या काळात छापून आली होती. कहाणीची शहानिशा कधीच नीट झाली नाही, पण फुगलेले कपॅसिटर खरे होते.

हे सगळं जाणून मी मॉनिटर स्वतः खोलला नाही. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठते, आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच बसून राहते. बाजारात एक काका आहेत, आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेले. त्यांनी स्क्रू काढले, जुन्या एटीएम कार्डाने कडेचे खटके एकेक करून सोडवले, आणि बोर्डाला हात लावायच्या आधी बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्या मोठ्या कपॅसिटरला टेकवल्या. बल्ब क्षणभर लुकलुकला.

"आता तो उपाशी आहे," काका म्हणाले. "बघा ताई, तुमचे कंडेन्सर."

पाचातले तीन डोक्यावर फुगले होते. कपॅसिटरच्या टोपीवर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, आतला दाब वाढला तर तिथून उसवावं म्हणून. एकाच्या खाचेतून तपकिरी डिंकासारखं काहीतरी बाहेर येऊन वाळलं होतं.

"तुमच्याकडे आहेत का हे?"

"आहेत, पण कपाटात बसून म्हातारे झालेत. तुम्ही पुण्याच्या ना? ताजे आणा. आणि पाचही आणा. तीन सुजलेत म्हणजे दोन रांगेत उभे आहेत."

सोमवारी ऑफिस सुटल्यावर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. कागदावर आकडे होते: १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, तीन. ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, दोन. मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा तोच किंवा जास्त चालतो, आणि तापमान १०५ अंशांचं, ८५चं नाही. काउंटरवरच्या मुलाने वर न बघता विचारलं, "लो-ईएसआर देऊ का साधे?" लो-ईएसआर म्हणजे आतला अडथळा कमी असलेले. पॉवर सप्लायला तेच लागतात. पाचांचे मिळून शंभराच्या आत पैसे झाले.

पुढच्या शनिवारी काकांनी जुने उपसून नवे बसवले. कपॅसिटरच्या अंगावर एका बाजूने पट्टा असतो, ती ऋण बाजू. ती उलटी बसली तर फटाका. काकांनी प्रत्येक वेळी पट्ट्यावर बोट ठेवलं, बोर्डावरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि मगच डाग दिला. मजुरी अडीचशे रुपये. जुने पाच कपॅसिटर त्यांनी अप्पांच्या हातावर ठेवले.

"किती चालेल आता?" अप्पांनी विचारलं.

"चार-पाच वर्षं तर कुठे नाही गेली. पुढे-मागे नळ्या जातील. तेव्हा मात्र भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, त्यांत पारा असतो. ई-कचऱ्यात द्या."

अप्पांनी मनातल्या मनात बेरीज केली असावी. त्यांनी फक्त "पुरे" म्हटलं.

रात्री मी ती डायरी पुन्हा चाळत बसले, कारण पहिल्यांदा मी फक्त वेळेचा रकाना वाचला होता. शेजारी "काम" असा रकाना होता. भाडेकरार. वारस अर्ज. लग्नाचा बायोडेटा. संमतीपत्र. आणि मध्ये मध्ये एक शब्द: पत्ते. एकतीस नोंदींपैकी अठरांसमोर तोच शब्द. स्क्रीन गेली तेव्हा अप्पा संगणकावर पत्ते खेळत होते. कोणी आलेलं नव्हतं. खोटं लिहिणं त्यांच्या हातात नाही. सांगितलं ते रकान्यात भरलं, आणि मॉनिटरच्या तपासात दुकानाची हजेरीही लागली.

आईला डायरी दाखवली. तिने चष्मा न लावताच सांगितलं, "मला ठाऊक आहे. ते पैशासाठी नाही उघडत दुकान. नऊ वाजता कुठेतरी जायचं असतं माणसाला."

पुण्यात आमच्या सोसायटीत अप्पांना नऊ वाजता जायला काय आहे, याचा मी विचार केला. बाग आहे. मंदिर आहे. लिफ्ट आहे. डायरी मिटून ठेवली. पुण्याचा विषय त्या भेटीत काढला नाही. पुढेही मीच काढायचा नाही, असं ठरवलं.

सोमवारी सकाळची रजा टाकून दुकानात बसले. थंडी होती. नऊला दहा कमी असताना अप्पांनी बटण दाबलं आणि आम्ही दोघं काही न बोलता स्क्रीनकडे बघत राहिलो. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. अप्पांनी मेनूत जाऊन ब्राइटनेस वीसवरून ऐंशीवर नेला. दुकानाच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उजळलं.

दहा वाजता एक आजी आल्या, पसरणीच्या. भावांबरोबरच्या वाटणीचा कागद करायचा होता, स्टॅम्प पिशवीत घडी न पडता ठेवलेला. अप्पांनी टाइप केलं, मॉनिटर वळवला आणि नेहमीसारखं म्हणाले, "नावं वाचून घ्या."

आजी पुढे वाकल्या. एक बोट काचेला लागेल इतकं जवळ नेऊन ओळ ओळ वाचत गेल्या आणि चौथ्या ओळीवर थांबल्या.

"हे 'रामचंद्र' न्हाई. माझ्या बापाचं नाव 'रामजी' व्हतं. कागदावर समदे 'रामचंद्र' करत्यात."

अप्पांनी ते खोडलं आणि नीट लिहिलं. मग म्हणाले, "आता शेवटपर्यंत वाचा. घाई नाही."